काळी चार

१

बेंजो घ्यायचा तर जुनाच घ्यायचा, यावर माझं आणि व्यंकटचं एकमत होतं. आमचं एकमत व्हावं असे विषय जगात फारसे नव्हते. व्यंकट आमच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा, मी बेंजो, आणि गायला माझी बायको महानंदा. दोघंही ढोकीच्या साखर कारखान्यात कामाला, तो उसाच्या यार्डात आणि मी मिलमध्ये फिटर. त्या साली पाऊस नव्हता, ऊस वाळून गेला होता, त्यामुळं हंगाम जानेवारीतच आटोपला. हाताला वेळ होता आणि एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्या पार्टीचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता. कॉलनीतल्या चार माणसांसमोर गाणं वेगळं आणि तालुक्याच्या माणसांसमोर गाणं वेगळं. महानंदाचा आवाज त्या माणसांनी ऐकावा, एवढीच माझी इच्छा होती. तिच्या आवाजापुढं माझा जुना प्लायवूडचा बेंजो पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा, आणि मला त्याची लाज वाटायची.

ज्यांनी बेंजो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचं लांबट खोकं, त्यावर वाजवायच्या तारा, आणि तारांवर टायपिंग मशीनसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. त्या तारांच्या बाजूला आणखी आठ-दहा बारीक तारा असतात, त्या तरफा. तरफांना हात लावायचा नाही. गाणाराची जी पट्टी असेल, पेटीवरची काळी एक म्हणा, काळी चार म्हणा, त्या पट्टीत त्या लावून ठेवायच्या. गाणाराचा सूर नेमका लागला की त्या आपल्या आपण गुंजतात, चुकला की गप्प बसतात. खोटं बोलायची सोय त्यांना नाही.

सोलापूरच्या दुकानात तीन नवे बेंजो पाहिले. वरून सनमायका, आरसे, रंगीत बटणं, सगळी नवरीसारखी सजावट. मी खोक्याला कान लावून तार छेडली, सूर निघाला आणि तिथंच मेला. दुकानदार म्हणाला, कान काय लावता, टरबूज आहे का? तुळजापूरला एका लॉजवाल्याकडं जुना होता, त्याचं खोकं वाकलं होतं. मी हात जोडून बाहेर पडलो. मग व्यंकटला कुणीतरी पिराजीबाबांचं नाव सांगितलं. पूर्वी त्या बाजूला गाजलेली पार्टी होती त्यांची, आणि बेंजो अजून घरात होता.

२

पिराजीबाबांचं घर भूमच्या पुढं तीन मैलांवर, दोन खोल्या आणि पत्रा. मार्चमधलं भर दुपारचं ऊन होतं. मी जय भीम घातला, नाव-गाव सांगितलं. बाबांनी खुंटीवरून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला बेंजो काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

जुनं सागवान. मधली बटणं झिजून त्यांना खळगे पडले होते. मी उलटा करून पाहिला, तर खोक्याच्या पोटाला पितळेची थाळी बसवलेली.

"ती भूमच्या तांबटानं ठोकून दिली," बाबा म्हणाले. "आवाज फिरून वर यावा म्हनून."

मी एक तार छेडली. आवाज वर आला, खोलीत फिरला, आणि मग तरफांनी तो उचलून धरला. मी मनात वीसपर्यंत मोजलं तरी तो गेला नव्हता. मला खरं तर रडू येईल असं वाटलं. चांगलं वाद्य हातात आलं की मी असा मऊ होतो, एरवी नाही.

"तरफा काळी चारमध्ये आहेत," मी म्हणालो. माझ्या कानाचा मला गर्व होता. "कुणाच्या पट्टीत लावल्यात?"

"आमच्या हिच्या."

केशरबाई दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी माझ्याकडं पाहून ओठ हलवले, पण आवाज आला नाही.

"भात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर गेलती," बाबा म्हणाले. "तवापासनं आवाज न्हाय. सोलापूरपतोर दाखिवलं. गळ्यात कायबी न्हाय म्हनले."

"मग इतकी वर्षं हा वाजवतं कोण?"

"कोनी न्हाय. मी निस्ता सुरात ठिवतो."

सौदा लवकर झाला. बाबांनी कनवटीची किल्ली काढली आणि पहिल्या तरफेच्या खुंटीला लावली. "एस्टीचे हादरे लई बेकार. तारा उतरवून देतो." रीतच आहे ती. वाद्य परक्या घरी जाताना तारा ढिल्या करायच्या आणि नव्या घरी नव्यानं लावायच्या. कुठलाही वाजवणारा तेच करतो.

मी त्यांचा हात धरला. "राहू द्या बाबा. आमच्या महानंदाचीपण काळी चारच आहे. इतका जमलेला सूर मला पुन्हा जमायचा नाही. मांडीवर घेऊन जातो."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, दाराकडं पाहिलं. केशरबाई जवळ आल्या होत्या. त्यांनी हातानं मला विचारलं, काय म्हणालात? मी पुन्हा म्हणालो, महानंदा, माझी बायको. त्यांचे ओठ हलले, त्यांनी ते नाव आवाजाशिवाय म्हणून पाहिलं. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. एस्टी येईपर्यंत केशरबाई उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, डोक्यावर पदरसुद्धा न घेता.

३

गाडीत तरफा गुंजत होत्या. त्यात नवल काही नाही. इंजिन थरथरलं की सगळंच थरथरतं. येडशीला गाडी बदलायची होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, माणसं उतरली, कंडक्टरही चहाला गेला. मी बेंजो मांडीवर घेऊन बसून होतो आणि तरफा गुंजत होत्या. मी तळहात ठेवून त्या दाबल्या. हात काढला की पुन्हा सुरू.

माझा बाप छप्पन साली दीक्षा घेऊन आला त्या दिवसापासून अंगात येणं, नजर लागणं असले शब्द आमच्या घरात बंद. त्यात मी फिटर. टर्बाईन सुरू झालं की आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीची काच वाजते. काचेला भूत लागलेलं नसतं, दोघांचे हादरे जुळलेले असतात, एवढंच. सुराला सूर लागतो. म्हणजे कुठंतरी काळी चारमध्ये काहीतरी वाजत असणार, हॉटेलातला रेडिओ, नाहीतर पिठाची गिरणी. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकलं. स्टँडवर उन्हाशिवाय काही नव्हतं.

घरी महानंदानं बेंजो पाहिला आणि हात पुसत जवळ येऊन नुसता सा लावला. सगळ्या तरफा एकदम उजळल्या. ती आधी दचकली, मग हसली. "अवो, ह्यो तर मला वळखतोय की." त्या आठवड्यात ती जशी गायली तशी कधी गायली नव्हती. व्यंकट ढोलकी थांबवून ऐकत बसायचा. मी इतका आनंदात होतो की बसमधलं मला आठवतही नव्हतं.

मग एका दुपारी महानंदा टँकरच्या रांगेत गेली होती. कॉलनी सामसूम. कारखाना बंद, त्यामुळं भोंगा नाही, मिलची घरघर नाही, ट्रॅक्टर नाहीत. खुंटीवरच्या बेंजोच्या तरफा गुंजू लागल्या. मी खिडकी लावली. खाली उतरवून गोधडीवर ठेवला. शेजाऱ्यांचा रेडिओ बंद आहे का ते विचारून आलो. तरीही गुंजणं चालूच.

यंत्राचा हादरा सलग असतो. हे सलग नव्हतं. थोडं गुंजायचं, थांबायचं. पुन्हा थोडं जास्त वेळ, मग थांबायचं. मी भिंतीला टेकून कितीतरी वेळ ऐकत होतो आणि मग माझ्या लक्षात आलं की दिवसभर घरात वावरणारी बाई असंच बोलते. दोन शब्द, मग कामात गप्प. चार शब्द, पुन्हा गप्प.

मी बेंजो गोधडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. महानंदाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय.

४

पाडव्याच्या सुमारास महानंदाचा आवाज बसायला लागला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धूळ आहे, कोरडी हवा आहे, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. कॉलनीत निम्म्या माणसांना खोकला होता, मलाही ते पटलं. ती बिचारी गुळण्या करायची, गळ्याला फडकं बांधायची, आणि जयंतीला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजायची. तिनं गाण्यांची यादी स्वतःच्या हातानं लिहून आरशाशेजारी चिकटवली होती.

तालीम तर करायलाच हवी होती. मी बेंजो बाहेर काढायचो, आणि मला एक गोष्ट दिसायची जी मी बघायची टाळत होतो. तिचा आवाज जितका बारीक होत होता, तितक्या तरफा भरून वाजत होत्या. ती सूर लावायची, अर्ध्यावर तो फाटायचा, पण तरफांत तो शेवटपर्यंत पुरा व्हायचा.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी किल्ली काढली. म्हटलं, सगळ्या उतरवतो आणि नव्यानं लावतो. पहिल्याच दिवशी करायचं काम होतं. महानंदा बाहेर ओट्यावर शेजारच्या सरुबाईंशी टँकरबद्दल बोलत होती. घोगरं, पण बोलत होती.

"म्या रांगेत मोहरंच दोन घागरी —"

मी पहिल्या तरफेची खुंटी केसभर फिरवली होती. बाहेर शांतता.

"दोन घागरी काय?" सरुबाई म्हणाल्या. "काय गं, काय झालं?"

मी घाईनं खुंटी परत फिरवली.

"— ठिवल्या व्हत्या, तर त्या कुनी तरी सरकिवल्या," महानंदा म्हणाली. वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढं. आपण मध्ये थांबलो हे तिला कळलंच नव्हतं.

शहाण्या माणसानं तिथं किल्ली ठेवली असती. पण एकदा घडलं तर तो योगायोग, आणि शंका आली की पुन्हा खोलून बघायचं, ही आमच्या कामातली शिकवण. अठरा वर्षं मी तेच करत आलो होतो. मला खात्री हवी होती. खरं सांगायचं तर मला असं काही नसतं याची खात्री हवी होती, आणि म्हणून मी दुसऱ्यांदा खुंटी फिरवली.

तार जुनी होती. चौदा वर्षं एका ताणावर राहिलेली. टण् झालं आणि तिचं टोक माझ्या अंगठ्यावर बसलं.

"महानंदा," बाहेर सरुबाई म्हणत होत्या, "अगं बोल की. अशी काय बघतीस?"

५

गळ्यात काही नाही असं डॉक्टर म्हणाले. सोलापूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ते ऐकताना मला बाकावर नीट बसवेना. मी नवी तार आणून चढवली होती, हरतऱ्हेनं सुरात लावून पाहिली होती, ती मुकी राहिली. महानंदा चौथीपर्यंत शिकलेली, ती पाटीवर लिहून बोलायची. चूक माझी होती आणि ती पाटीवर लिहायची, तुम्ही जेवलात का. मी तिला काही सांगू शकलो नाही. सांगायला हवं होतं.

कार्यक्रम रद्द करू म्हणालो, तर तिनं मान हलवली. व्यंकटच्या बहिणीनं गावं, आणि मी बाजूला उभी राहते, असं तिनं लिहिलं. जयंतीच्या सकाळी वंदना झाली, माणसं मांडव भरून बसली होती. व्यंकटच्या बहिणीनं पहिलं गाणं बरं गायलं, पण तिची पट्टी वेगळी, त्यामुळं तरफा गप्प होत्या. दुसऱ्या गाण्याआधी ती पाणी प्यायला मागं सरकली. महानंदा सवयीनं माइकसमोर आली. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं.

तिच्या तोंडातून काही आलं नाही. मी बेंजोला हात लावला नव्हता, नखी खिशात होती. तरफा वाजू लागल्या. ओळ वाजली, थांबली, दुसरी ओळ वाजली. माझ्यापुढच्या माइकनं ते उचललं आणि कर्ण्यातून सगळ्या मांडवावर सोडलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पदराला डोळे पुसणाऱ्या बायकोला म्हटलं, "आवाज लई गोड हाय बाईचा." व्यंकटनं माझ्याकडं पाहिलं आणि ढोलकीवरचे हात काढून घेतले.

महानंदानं डोळे उघडले. तिनं आपला गळा चाचपला आणि वळून बेंजोकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मला कधीच तिच्यापुढं चेहरा लपवता आला नाही. घरी गेल्यावर तिनं पाटीवर एकच ओळ लिहिली. ज्याचा आहे त्याला देऊन या.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिराजीबाबांच्या अंगणात होतो. ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून लिंबाखाली बसले होते. दहा वर्षांनी तरुण दिसत होते. माझ्या काखेतला बेंजो पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, हा परत घ्या," मी म्हणालो.

"तारा हायत का लावलेल्या?"

"एक तुटली. बाकी तशाच आहेत."

त्यांनी हात जोडले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. "मग तशाच राहू द्या. तुमच्या पाया पडतो. पर ह्यो हितं नगं आता."

मला काही विचारायचं होतं, तेवढ्यात आतल्या खोलीतून बांगड्या वाजल्या आणि आवाज आला.

"अवो, कोन आलंय?"

आधी जरासा ओढलेला 'अ', आणि 'कोन' म्हणताना आत अडकलेलं हसू. चौदा वर्षं मी रोज घरात शिरताना तो आवाज ऐकला होता. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी उत्तर दिलं. "पावनं हायत," ते म्हणाले, आणि खाली बघत राहिले. माझ्या बायकोच्या आवाजात दुसऱ्या माणसाला मारलेली हाक मी ऐकली. त्या माणसानं ती घेतलेलीही पाहिली.

मी खाली बसलो, बेंजो मांडीवर घेतला आणि खिशातली किल्ली पहिल्या उरलेल्या तरफेला लावली. बाबांनी मला अडवलं नाही.

"उतरवा," ते म्हणाले. "पर कुनाचा जाईल, मला ठावं न्हाय. हिचा म्हना, तुमच्या घरचा म्हना, का दोघींचाबी. तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. पुन्हा खोलून बघायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. दारात पदराची सावली हलली, आतल्या अंधारात एक पांढरं डोकं दिसलं, आणि त्याच्याखाली ओठ कुठं असतील तिथं मला बघवेना. मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर तर ती महानंदाच होती, चार पावलांवर.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात आग्रह झाला तेव्हाही महानंदा लाजून पळाली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून मी माझं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. ते कसं ऐकू येईल याचा कधी विचारही केला नव्हता.

"बब्रुवान," महानंदाचा आवाज आतून म्हणाला, अगदी मायेनं. "उन्हात नगं बसू लेकरा. आत ये."

किल्ली माझ्या हातात होती. घरी माझी बायको पाटी मांडीवर घेऊन माझी वाट बघत असणार, हे मला माहीत होतं.

मी ओ दिली.